भावकीची सवलत

मैत्रिणीच्या आईला तांदूळ पाठवताना भावकीचा कोड चालला नाही, असं तुम्ही मुलांनी तिकडून कळवलंत. तो कोड मी बंद केला आहे. का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आंबी गावची तांदूळवाली तुम्हाला आठवत असेल. लोणावळ्याला आपल्या दारावर इंद्रायणी घेऊन यायची, मला 'बाई' म्हणते, ती. नवरा गेल्यावर वाटणीचं शेत ती एकटीच करते. तांदूळ ऑनलाइन विकायचं आमचं ठरलं तेव्हा पिकवणं आणि पाकिटं भरणं तिच्याकडे आलं, वेबसाइट माझ्याकडे. सवलतींचं काम मला आवडायचं. कोणत्या मालावर, कधीपासून कधीपर्यंत, कोणाला, हे एकदा नीट भरलं की यंत्र कोणाचं तोंड पाहत नाही.

तिला मात्र तोंडं पाहायची होती. "भावकीला पुऱ्या भावानं इकला तर लोक माज्या तोंडात शेण घालतील, बाई," ती म्हणाली. म्हणून भावकीसाठी वेगळा कोड केला. ठरावीक मोबाइल नंबरांनाच तो चालायचा. भावकीतल्या घराघरांचे नंबर तिने सांगितले, मी भरले. तुमचेही तिनेच हट्टाने घालायला लावले. धाकट्या दिराचा तेवढा गाळला.

"त्यो नगं."

"का?"

"शेताच्या बांधावर मला ढकलली व्हती त्यानं. धा लोकं बगत व्हती. त्याला भावकी म्हनू?"

दिराला तिचं शेत हवं होतं. कारखाने आल्यापासून तिकडच्या जमिनीवर सगळ्यांचाच डोळा आहे.

पुढे दिराच्या मुलीचा साखरपुडा ठरला. होणारे व्याही घरी बसलेले असताना त्याने ऐटीत फोन काढला आणि लग्नाचा तांदूळ घरच्या भावात मागवून दाखवतो म्हणाला. कोड टाकला. फोनवर उत्तर आलं: 'ही सवलत फक्त भावकीसाठी आहे.' ते वाक्य माझंच होतं, मीच टाइप केलेलं. व्याही हसले. शेजारी बसलेल्या चुलतभावाने स्वतःच्या फोनवर तोच कोड टाकला, आणि त्याला तो चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या शेडमध्ये पाकिटं भरत होतो. तो कुदळीचा दांडा घेऊन आला.

"याह्याम्होरं माजी इज्जत काढली तू, वैनी."

ती मान वर न करता म्हणाली, "इज्जत तू बांधावरच टाकून गेलतास. मी कुटनं काढू?"

दांडा तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज लहानसाच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. ती ओरडली नाही. माझा लॅपटॉप टेबलावर उघडा होता. "ह्येच का त्ये डबडं?" म्हणत त्याने एका घावात त्याचे तुकडे केले. भरलेल्या पोत्यांना लाथा घातल्या, पोती फुटली आणि तांदूळ आमच्या पायांत पसरला. मी वजनकाटा तपासण्यासाठी ठेवलेलं दोन किलोचं लोखंडी वजन उचलून त्याला फेकून मारलं. नेम चुकला आणि आमचाच काटा फुटला.

मग त्याने तिच्या डोक्यावर दांडा उगारला. सांडलेल्या तांदळावर त्याचा पाय सरकला, म्हणून त्याने डावा हात आधाराला खाली टेकला. तो टेकला पाकिटं बंद करायच्या मशीनवर. त्याला दोन तापलेले जबडे असतात, पायाने पट्टी दाबली की मिटतात. तिने पट्टीवर पाय दिला.

त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. दांडा पडला, कातडी जळल्याचा वास आला. तिने पाय काढला नाही. मीही काढ म्हणाले नाही. शेवटी लोक धावत आले तेव्हा तिने पाय उचलला.

तिने पोलिसांत तक्रार केली. संध्याकाळी भावकीतले थोरले आबा दवाखान्यात समजवायला आले.

"त्याचा हात भाजलाय, पोरी. तक्रार मागं घी आन त्यालाबी सवलत दे. मिटवून टाक."

"हाड माजं मोडलंय, आबा. आदी त्ये मिटवा."

आबा उठून गेले. सकाळी शेडच्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या. वाट भावकीच्या सामाईक रानातून जाते. ती बंद म्हणजे टेम्पो बंद, धंदा बंद, आणि मग शेत दिरालाच द्यावं लागलं असतं.

हात प्लास्टरमध्ये घेऊन ती म्हणाली, "बाई, भावकी पुसून टाका."

"सगळी?"

"समदी. आन लेकींची सवलत चालू करा. गावातनं लगीन हून गेलेल्या समद्या लेकींला. माहेरचा तांदूळ."

नव्या लॅपटॉपवर मी तो कोड केला. लेकींचे नंबर द्यायला गावातल्या आया आपणहून आल्या. पुण्याहून, नाशिकहून, एक तर दुबईहून, ऑर्डरी येऊ लागल्या. पाकिटं तयार होती, पण टेम्पो काट्यांपाशी अडला. तेव्हा आबांची बायको घरातून कोयता घेऊन निघाली. तिच्या दोन लेकींचा तांदूळ टेम्पोत जायचा होता. तिने काट्या तोडून बाजूला ओढल्या. आबा ओट्यावर बसून बघत होते. "पुन्यांदा टाकल्या तर तुमच्या अंथरुनात घालीन," एवढंच ती त्यांना म्हणाली. त्यानंतर वाट मोकळी आहे.

दिराच्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. महिन्याभरात तिचीही ऑर्डर आली, लेकींच्या सवलतीत, 'गावातून माणूस नेईल' असा पर्याय निवडून. नंबर तिच्या आईने आधीच गुपचूप आणून दिला होता.

माणूस म्हणून बापच आला. डाव्या तळहातावर आडवी, गुळगुळीत, गुलाबी पट्टी होती. दारात उभा राहिला, आत आला नाही. कोर्टाची तारीख अजून लागायची आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तिने डाव्या हाताने त्याच्यादेखत पाकीट भरलं, मशीनमध्ये धरलं, पट्टीवर पाय दिला. जबडे मिटले तेव्हा त्याने हात पाठीमागे घेतला.

"पोरीला सांग," ती पाकीट पुढे करत म्हणाली, "काकीनं दिलाय."