ठोक्यांमधला आवाज
स्पिरिटचा वास आला की बोदलकशाजवळच्या गावातलं ते आरोग्य शिबिर आठवतं. भाताची रोवणी करताना धाप लागते म्हणून आईने आणलेल्या मुलीच्या छातीवर मी स्टेथोस्कोप ठेवला, तर दोन ठोक्यांच्या मध्ये फुसफुस आवाज स्पष्ट आला. हृदयाच्या झडपेचा दोष वाटतो, नागपूरला दाखवा, असं म्हणताच आईने माझा हात धरला, "लग्न जमून राहिलं, म्याडम. कागदावर लिहू नोका जी." मी 'रक्त कमी' एवढंच लिहिलं. दीड वर्षाने मुलगी बाळंतपणात गेली. तिचा नवरा तोच कागद घेऊन आला, "दवाखान्यातले म्हणते, हृदयात दोष होता. तुमाले मालूम होतं का जी?" मागे तिची आई मान खाली घालून उभी होती. मी "नाही" म्हटलं. आता लोक मला फार काटेकोर डॉक्टर म्हणतात आणि मी ते ऐकून घेते.