बाटली मसाल्याला परदेशबंदी

ठाण्याची जोविटा नोकरीत वेबसाइटवर येणाऱ्यांना जवळच्या सर्व्हरकडे वळवते आणि भामट्यांना वाटेतच अडवते. सासूबाई इलेनच्या बाटली मसाल्याची, म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याची, साइटही तीच सांभाळते. वर्षाची सगळी विक्री एकाच सकाळी होते. यंदा त्याच सकाळी परदेशातून साइट बंद पाडणाऱ्या खोट्या विनंत्यांचा लोंढा आला, तशी तिने भारताबाहेरची वाटच बंद केली. साइट सुरळीत चालली, पण ऑर्डरी निम्म्याच आल्या.

"मसाला बिघडला काय गो?" इलेन हिरमुसली.

तेवढ्यात मेलबर्नहून नणंद ज्युलियानाचा फोन आला. "वहिनी, माहेरच्या मसाल्याची मलाच बंदी?"

"दाराला कुलूप लावून पाहुण्यांचीच वाट बघतेस होय!" इलेन खदखदून हसली.

जोविटाने देशबंदी उठवली आणि क्षणात शेकडो विनंत्या धाडणाऱ्यांनाच तेवढं अडवलं. त्यानंतरची पहिली ऑर्डर ज्युलियानाची होती, खाली शेरा: 'दंड म्हणून बाटल्या वहिनीनेच भरायच्या.'