लखनऊत चार दिवसांचं स्वयंपाकघर

कार्ड कंपनीच्या बक्षिसांच्या पुस्तिकेत मिक्सर होता, चाकांची सुटकेस होती, भिंतीवरचं घड्याळ होतं आणि अगदी शेवटच्या पानावर काही शहरांची नावं होती. त्या शहरांतल्या साध्या, बजेट हॉटेलात पॉइंट्सवर चार रात्री फुकट राहता येणार होतं. लखनऊच्या नावापुढे लिहिलं होतं : ‘अपार्टमेंट, स्वयंपाकघरासह.’ ते वाचलं आणि मिक्सर माझ्या मनातून उतरला.

क्रेडिट कार्ड आमच्या ऑफिसात तसं नवंच आलंय. मी घेतलं तेव्हा सगळे हसले, आणि मग सगळ्यांनी तेच वापरलं. एकीचा फ्रिज, दुसऱ्याचा रंगीत टीव्ही, साहेबांच्या मुलीच्या लग्नातल्या साड्या असं सगळं माझ्या कार्डावर गेलं. पैसे ते मला रोख द्यायचे आणि पॉइंट्स माझ्याकडे राहायचे. तुमच्याकडे असं कार्ड असेल तर हा उपाय जरूर करा, फक्त मित्रमंडळी वेळेवर पैसे देणारी निवडा.

लखनऊला माझा धाकटा भाऊ श्रीधर बँकेत आहे. महानगर भागात त्याचं घर आहे आणि आई त्याच्याकडेच असते. मग हॉटेल कशाला, हे सगळ्यांनी विचारलं. माझ्या नवऱ्याने, अनिलने, विचारलं नाही. ‘स्वयंपाकघरासह’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती, ती त्याने पाहिली आणि म्हणाला, “तू एकटीच जा. मी असलो तर आईंना अवघड होईल.”

आमच्या माहेरी जुनी रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. बहुतेक घरांत वर्ष-दोन वर्षांत हा प्रश्न मिटतो. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली आणि आम्हाला मूल नाही. आई नाशिकला आमच्याकडे आली की जेवायला पलीकडच्या गल्लीत मावसबहिणीकडे जाते. जेवून येते आणि मग ओट्याशी उभी राहून माझ्याशी तासन् तास गप्पा मारते. त्या वेळी अनिलला हमखास बाहेरचं काहीतरी काम निघतं. तिच्यासमोर ताटं मांडून बसणं त्याला जमत नाही.

तर माझा बेत असा होता. हॉटेल म्हणजे जावयाचं घर नाही, त्याचा पैसाही नाही. तिथे मी रांधेन आणि आई जेवेल.

नाशिकरोडहून लखनऊची गाडी थेट मिळते. डिसेंबरात जाणार असाल तर शाल आणि धीर दोन्ही बरोबर ठेवा. झाशीपर्यंत गाडी वेळेवर होती, कानपूरच्या अलीकडे धुक्यात शिरली आणि पुढे पावलं मोजत चालल्यासारखी सरकत राहिली. सकाळी पोचायची ती दुपारी पोचली. चारबागच्या लाल-पांढऱ्या घुमटांखालून बाहेर पडून सायकलरिक्षा केली. हजरतगंजपर्यंत पंधरा मागितले, दहाला आला आणि वाटेत प्रत्येक इमारतीची माहिती देत गेला, तेव्हा उतरताना पंधराच दिले.

हॉटेल हजरतगंजच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. काउंटरवर मफलर गुंडाळलेले रिझवीसाहेब होते. पॉइंट्सचं व्हाउचर त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. हे घेऊन आलेली मी पहिलीच.

“पॉइंट कैसे मिलते हैं, मैडम?”

“खर्च करने से.”

“यानी ख़र्च कीजिए और इनाम पाइए? हमारे यहाँ तो ख़र्च करने पर बेगम से डाँट मिलती है.”

मग त्यांनी मुंबईला फोन लावला, कुणाशी तरी बोलले, “बजा फ़रमाया, बजा फ़रमाया”, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. तोवर माझ्यासाठी चहा आला होता.

जागा छोटी पण स्वच्छ. एक झोपायची खोली, बाहेर दोन खुर्च्या आणि टेबल, गीझर (पाच मिनिटं थांबलात तर गरम, नाहीतर अद्दल), आणि स्वयंपाकघर. दोन शेगड्यांचा गॅस, कुकर, कढई, चार ताटं. पोळपाट-लाटणं नाही. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरचे पतंग दिसत. नाश्ता मिळत नाही, पण गल्लीच्या तोंडाशी पुरी-सब्जी छान मिळते. डोळे मिटून खा.

संध्याकाळी महानगरला गेले. भावजय माधुरी खरंच दुखावली होती. “ताई, घर असताना हॉटेल? इथले लोक काय म्हणतील?”

“आईला चार दिवस नेणार आहे मी. तेवढीच तुलाही सुट्टी.”

“सुट्टी कशाला, सासूबाई काय ऑफिस आहेत?” असं म्हणाली, पण हसली.

भाची ऋचा कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. “बुआ, सच में फ्री है? फिर तो मैं भी चलूँगी!”

“तू परीक्षेचं बघ,” आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “येते मी. तुझं हॉटेल बघू तरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधरने तिला स्कूटरवरून सोडलं. शाल, कानटोपी, हातात कापडी पिशवी. आम्ही दोघी लगेच भाजी आणायला बाहेर पडलो. हिवाळ्यातला लखनऊचा मटार बघितला नसेल तर बघा. शेंग उघडली की दाणे गोड, कोवळे, तसेच खावेत असे. आई भाजीवाल्याशी अस्सल तिथल्यासारखी भांडली. “भैया, कल तो छह के दिए थे, आज आपके मटर पढ़-लिख गए क्या?” तो हसून म्हणाला, “अम्मा, आपसे कौन जीतेगा,” आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली.

मी मटार-उसळ केली, आमटी केली, भात लावला. गोडा मसाला आणि आमसुलं नाशिकहून नेली होती. ताटं मांडली. तेव्हा आईने पिशवीतून डबा काढला.

“माधुरीने दिलाय. पोळी आणि गोभी. तू तुझं जेव.”

मी तयारीत होते. म्हटलं, “आई, हे माझं घर नाही. अनिलचा यात पैसा नाही. ही जागा कुणाचीच नाही.”

“म्हणजे धर्मशाळा?”

“तसंच समज.”

“धर्मशाळेत ज्याने त्याने आपलं करून खायचं असतं,” ती म्हणाली आणि डब्याची कडी उघडली.

गाडीत रात्रभर घोकलेला मुद्दा एका वाक्यात संपला. आणि खरं सांगायचं तर तो मला स्वतःलाच नकोसा झाला. कुणाच्याच नसलेल्या घरात तिने जेवून मला काय मिळणार होतं?

“थांब,” मी म्हटलं. “मी खोटं बोलले. हे माझं आहे. माझ्या नावाच्या कार्डावर मी मिळवलंय. चार दिवस का होईना, हे माझं घर आहे आणि मी तुला जेवायला बोलावलंय. मला मूल नाही, याची आठवण तू मला दर जेवणाला का करून देतेस?”

आईचा हात डब्यावरच राहिला. “आठवण? मी तुला आठवण करून देते असं वाटतं तुला?”

“मग काय वाटावं?”

तिने खिडकीकडे पाहिलं. गच्चीवर कुणीतरी पतंग काटल्याचा आरडाओरडा चालला होता. मग म्हणाली, “मी जेवले असते तर आता काही व्हायचं नाही, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. सगळ्यांनी आशा सोडली होती. तुझ्या सासूने सोडली, डॉक्टरांनी सोडली. म्हटलं, एकीने तरी धरून ठेवावी.”

वीस वर्षं मी तिच्या उपासाचा अर्थ उलटा लावत आले होते.

“आई, मी शेहेचाळीस वर्षांची आहे.”

“मला सांगतेस? मी होते तिथे, तू जन्मलीस तेव्हा.”

दोघींनाही हसू आलं, आणि ते पुसायला दोघींनाही पदर लागला.

“आम्ही केव्हाच सोडली आशा,” मी म्हटलं. “काही वर्षं फार वाईट गेली. आता नाही. आम्ही बरे आहोत आई. घरात मजा असते आमची.”

“अनिलरावपण?”

“तेपण. तुझ्यासमोर जेवता येत नाही, एवढंच त्यांना सलतं.”

तिने डब्याची कडी लावली, डबा माझ्याकडे सरकवला आणि माझ्यापुढचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

“वाढ,” ती म्हणाली. पहिला घास घेतला आणि लगेच, “मीठ बेताचंच घालतेस अजून.”

माधुरीची गोभी मी खाल्ली. तिच्या हाताला चव आहे.

पुढचे दोन दिवस आम्ही खऱ्या पर्यटकांसारख्या हिंडलो. जुन्या शहरातल्या ‘चौक’ भागात सकाळी लवकर गेलात तर थंडीतच मिळणारं मक्खन-मलाई खा. पिवळसर फेसाचा डोंगर, वर पिस्ते, आणि तोंडात घालताच नाहीसा. मोठ्या इमामबाड्यात भूलभुलैयाच्या वाटेला आई आली नाही. “घरातच पुष्कळ फिरले, आता इथे कशाला,” म्हणत उन्हात बसली. रेसिडेन्सीच्या हिरवळीवर दुपारी घरून शेंगदाणे नेऊन बसलो. सत्तावन्नच्या तोफांच्या खुणा असलेल्या त्या भिंतींजवळ इतकी शांतता असेल असं वाटलं नव्हतं. अमीनाबादेत माधुरीसाठी चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घेतला. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, आणि आई बरोबर असेल तर तिलाच बोलू द्या. जेवायला मात्र प्रत्येक वेळी तिसऱ्या मजल्यावर परत आलो. शेवटच्या दिवशी ऋचाही आली आणि “बुआ, ये दाल मम्मी को भी सिखाओ ना” म्हणाली. माधुरीला हे कळू नये म्हणून आईने ऋचाला डोळ्यांनी दटावलं.

निघताना रिझवीसाहेबांनी विचारलं, “कोई तकलीफ़ तो नहीं हुई?” मी म्हटलं, पोळपाट-लाटणं ठेवा. त्यांनी ते लिहून घेतलं. तुम्ही जाल तेव्हा कदाचित असेल.

पॉइंट्सवर मिळालेल्या जागेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत, असं म्हणतात. चादरी स्वच्छ होत्या, माणसं अदबशीर होती, हजरतगंज पायाखाली होतं. मी पुन्हा अशीच जागा निवडेन, आणि स्वयंपाकघर असलेलीच निवडेन.

नाशिकरोडला अनिल घ्यायला आला होता. शेजारी-पाजारी, ऑफिसातले, सगळे पुढे आठवडाभर इमामबाडा कसा होता ते विचारणार होते. त्याने बॅग हातात घेतली, दोन पावलं चालला आणि थांबला.

“जेवल्या?”

“जेवली.”

“पोटभर?”

“भात दोनदा घेतला,” मी म्हटलं.