मावशीच्या मोटारीचा मॅग्नेटो

झेंडू आणि पेट्रोल हे वास एकत्र आले, की मला तासगावातली आमची भाड्यानं चालवायची जुनी मोटार आठवते. लढाईचे दिवस होते. मोटारीचा मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग, बंद पडला. सांगली-साताऱ्यात मिळायचे ते डागडुजी केलेले, चार दिवसही न टिकणारे. चांगला एकच होता, शेजारच्या मावशीच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीत. तिच्या मुलानं आणि माझ्या वडिलांनी सारख्याच दोन मोटारी एकदम घेतल्या होत्या. मुलगा पुढं पलटणीत गेला आणि लढाईत पडला. दर दसऱ्याला वडील हँडल मारून त्याची मोटार सुरू करायचे आणि मावशी उंबऱ्यात बसून ऐकायची. वडील मला म्हणाले, "तूच बोल. कॉलेजात शिकलास, तुला न्हाई म्हणायची न्हाई." घराण्यातला पहिला बी.ए. मी, ऐटीत गेलो. युद्ध, टंचाई, सगळं समजावू लागलो. मावशी म्हणाली, "भाषण नगो करू रं. पाना आणलायस न्हवं?" पाना माझ्या खिशातच होता. तिच्या मोटारीचा मॅग्नेटो आमच्या मोटारीत बसला. त्या दसऱ्याला ती हार घेऊन आमच्या दारात आली. "आवं भावजी, चालू करा की जरा." वडिलांनी खाली बघतच हँडल मारलं. ती डोळे मिटून उभी राहिली. "आवाज त्योच हाय," म्हणाली आणि हार बॉनेटवर ठेवून गेली. आता माझ्या दारात माझी स्वतःची मोटार आहे. दसऱ्याला हार मी घालतो, पण इंजिन सुरू करायला दुसऱ्याला सांगतो आणि मावशीसारखा डोळे मिटून ऐकतो.