बोरघाटात हात मागे

ठाण्यातल्या खोपटच्या डेपोतून खोपोलीची एसटी पकडली तेव्हा मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. मथळा माझाच: 'सायकलवाल्या बाईला हात लावू नका!'

कारण सांगते. माझी मैत्रीण सायली, राहणार डोंबिवली, गेल्या वर्षी शर्यतीत बोरघाट चढत होती. कुणा भल्या माणसाने "दमलात ताई" म्हणत तिला रेटा दिला (पाठीवर हात ठेवून ढकललं) आणि पंचांनी तिला बाद केलं. बाहेरची मदत चालत नाही. पुरुषांना कुणी 'दमलात' म्हणतं का? यंदा तिला घाट स्वतःच्या पायांवर संपवायचा होता. बस, एवढंच.

खोपोलीत घाईघाईत भजी खाल्ली, जीभ भाजली. पण समोर घाट दिसला आणि सगळं विसरले! शर्यतीसाठी गाड्या बंद, रस्ता मोकळा, आणि वरच्या वळणावरचा पोलीस पेन्सिलीच्या तुकड्याएवढा. धापा टाकत शिंग्रोबापर्यंत (घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ) चढले. चढ इथे जीव काढतो.

देवळापाशी काकडी विकणाऱ्या काकांना पत्रक दिलं, त्यांनी ते वाचलं. "म्हणजे पोरगी पडली तरी बघत बसायचं?"

"हो."

"उलटीच शाळा तुमची!"

आधी पुरुष गेले. साखळ्यांची करकर, नुसते श्वास, डांबरावर घामाचे थेंब. माझ्या अंगावर काटा! मग बायका. आणि सायली, जवळजवळ थांबलेली. पुढचं चाक डुगडुगतंय, मागे मोटारसायकलवर पंच.

"सायले, चल! चल गं!" मी घसा फाडून ओरडले, आणि माझाच हात तिच्या पाठीकडे गेला.

काकांनी माझी ओढणी खेचली. "ओ बाई! स्वतःचा कागद वाचलाय का?"

सगळे हसले. तेवढ्यात सायली पेडलवर उभी राहिली, रस्ताभर नागमोडी सायकल काढत वळणापलीकडे गेली. चढली ती. बाद नाही, काही नाही!

परतताना कल्याणच्या एसटीत ती एकेक वळण सांगत होती. "देवळापाशी कोण बाई किंचाळत होती, डोकं उठवलं."

"मीच ती."

"माहितेय."

मदत थोपवायला इतका जोर लागतो, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं. तुम्हीही जा त्या घाटात. पाणी न्या, घसा न्या, आणि हात मागे बांधून उभे राहा.