आईला कुणी विचारलं नाही

सरांनी पेनाच्या टोकाने माझ्या आईच्या अंगावरची चादर कमरेपर्यंत खाली सारली.

भिलाईतल्या एका मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. बायकांचा सर्जरी वॉर्ड, सकाळचा राऊंड. मी त्याच वॉर्डात नर्स. आईच्या डाव्या स्तनात गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं. राऊंडमध्ये वेळ जाऊ नये म्हणून पेशंटचे कपडे आधीच सोडून ठेवायची आमच्याकडे पद्धत. आईचे दुसऱ्या सिस्टरने सोडले होते. पडदा ओढलेला नव्हता. समोरच्या खाटेजवळ कुणाचा तरी नवरा डबा खात बसला होता. त्याने तोंड फिरवलं.

सर म्हणजे सर्जरीचे प्रोफेसर. त्यांच्यामागे विद्यार्थी होते. मुलं, मुली. आईने माझ्याकडे पाहिलं.

"झाक ना वं मले."

"क्या बोल रही है?" सरांनी मला विचारलं.

"ढकने को बोल रही हैं, सर."

"अरे अम्मा, इस उमर में कैसी शरम? ये सब तुम्हारे नाती-पोते हैं."

विद्यार्थी हसले. एक मुलगी हसली नाही, पण रांगेत तीही उभी राहिली. सर म्हणाले, एकेकाने हात लावून गाठ बघा. हात लागत गेले. आईने डोळे मिटून घेतले. साडी बदलताना घरातला दिवा मालवणारी बाई ती. वडील स्टील प्लांटमध्ये कामाला, आम्ही सगळे मरोदा वस्तीतल्या दोन खोल्यांत. आम्ही लेकरांनीही तिला कधी तसं पाहिलं नव्हतं.

मी चादर गळ्यापर्यंत ओढली. पुढे आलेला एक हात बाजूला केला.

"सर, उनसे किसी ने पूछा नहीं है."

"तुम ड्यूटी पर हो या रिश्तेदार हो? पहले ये तय कर लो."

"दोनों हूँ. दोनों तरफ से मना कर रही हूँ."

मी पडदा ओढला. सर पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी मेट्रनने बोलावलं. "बच्चे किस पर सीखेंगे? सॉरी बोल दो, बात खतम." डॉक्टरांनी शिकलंच पाहिजे, हे मलाही कळतं. विचारलं असतं तर आई हो म्हणाली असती. आयुष्यात तिने कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मी सॉरी म्हटलं नाही. लेखी तक्रार दिली.

आईलाही माझं वागणं आवडलं नाही. "कावून बोलली वं तू? मोठे साहेब हायेत ते. आता मले कोन पायीन?" मग म्हणाली, "घरी ने मले."

घरी आणलं. ऑपरेशनची तारीख गेली. मी रायपूरच्या हॉस्पिटलात चल म्हणाले, हात जोडले.

"तिथं बी पोट्टे असतीनच," ती म्हणाली.

रिसालीला माझ्या घरीच ती वारली. शेवटी शेवटी तिला मी अंथरुणातच पुसून घ्यायची. हातात ताकद उरली नव्हती, तरी चादरीची कड तिने मुठीत धरलेली असायची. मी नर्स आहे. तिची मुलगी आहे. माझ्यासमोरही तिने ती सोडली नाही.

चौकशी समितीपुढे सर म्हणाले, असा काही प्रसंग त्यांना आठवत नाही. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांच्यासाठी तो एक राऊंड होता.

समितीने विचारलं, आई तर गेली, आता तक्रारीचं काय करायचं? मी म्हटलं, चालू ठेवायची. अजून चालू आहे. अधूनमधून माझ्या बदलीची भाषा होते.

आता माझ्या पाळीत राऊंडआधी कुणाचे कपडे सोडले जात नाहीत. पडदा ओढलेला असतो. मी आत जाऊन विचारते, डॉक्टर आणि विद्यार्थी बघतील, चालेल का? नाही म्हटलं तरी इलाज थांबणार नाही, हेही सांगते.

परवा नंदिनी नगरहून आलेल्या एका म्हातारीने मान हलवली. नको.

मी पडद्याबाहेर आले. तेच सर, मागे नवे विद्यार्थी.

"मना किया है, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पडद्यावरचा हात काढला नाही. काढणार नाही.