जोडीची ट्यूब

लॅबमध्ये बरीच वर्षं काढली की रिपोर्ट विसरतात, माणसांची बोलणी तेवढी राहतात. बिदरच्या आमच्या लॅबमधली माझ्या लक्षात राहिलेली निम्मी बोलणी गंगाक्काची आहेत.

गंगाक्का आमची अटेंडर, जवळच्या कमठाणा गावची. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी औषधाने डिवचायच्या आणि त्या जाग्या होऊन वाढतात का ते पाहायचं, हे आमचं काम. पेशंटच्या ट्यूबसोबत एका धडधाकट माणसाच्या रक्ताचीही ट्यूब लावतात. ती जागी झाली म्हणजे औषध चांगलं आहे. ही जोडीची ट्यूब कायम गंगाक्काची!

एकदा नवे डॉक्टर म्हणाले, "या वेळी माझं रक्त घ्या." तीन दिवसांनी पाहिलं, तर त्यांच्या पेशी अक्काच्या नेहमीच्या निम्म्यानेही वाढल्या नव्हत्या. अक्का फरशी पुसता पुसता म्हणाली, "साहेब, ज्वारीची भाकर खात जावा की!" पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या डब्यात भाकरी!

पेशी डिवचायचं ते औषध राजम्यापासून काढतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "राजम्यानं आख्ख्या घराची पोटं खवळत्यात, पेशी कशा गप बसतील!"

मग औरादची सुनीता आली. तिच्या सात वर्षांच्या गौरीला हैदराबादला भावाचा बोनमॅरो दिला होता. नव्या पेशी कामाला लागल्या का, ते आम्ही पाहायचो. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. संसर्गाच्या भीतीने पोरीची शाळा बंद, बाजार बंद, आजीच्या मांडीवर बसणंसुद्धा बंद.

सुनीताने मला हळूच विचारलं, "म्याडम, जोडीला अक्काचं रक्त असतंय न्हवं? माझ्या लेकीची ट्यूब त्येच्या शेजारीच ठिवा. बघून तरी शिकतील तिच्या पेशी."

मी समजावू लागले, की ट्यूबा बंद असतात, एकीतलं दुसरीला कळत नाही. मागे उभ्या अक्काने मला अडवलं. "ठिवा की ताई. तुमचं काय जायलाय?"

ठेवली.

गेल्या महिन्यात गौरीच्या पेशी जाग्या झाल्या. अगदी भरभरून! सुनीता फोनवर रडली. "आधी अक्काला सांगा," एवढंच म्हणाली.

मला सांगवेना. शेजारची अक्काची ट्यूब गप्प होती. पहिलं रक्त सांडलं असं खोटं सांगून मी अक्काचं पुन्हा रक्त घेतलं. तेही गप्प. औषधाला दोष देता येईना, त्याच बाटलीतल्या औषधाने गौरीच्या पेशी उठल्या होत्या. दोन महिन्यांपासून अक्काचा ब्लाउज सैल होऊन खांद्यावरून घसरत होता. मला दिसत होतं, पण मी विचारलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी डॉक्टरांसमोर बसवून तिला सगळं सांगितलं. पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, आणि त्याआधी हीच तपासणी गौरीच्या पुढच्या तपासणीच्या वेळी आणखी एकदा, असं डॉक्टर म्हणाले. अक्का हातातल्या बांगड्या फिरवत राहिली.

गौरीचं रक्त आलं त्या दिवशी ती आपणहून खुर्चीत येऊन बसली. बाही वर केली.

"घ्या ताई. पण ह्या टायमाला माझी ट्यूब त्या पोरीच्या शेजारी ठिवा."